पार्कवर पाऊस आहे, काका

लंडन, ऑन्टारिओ
२ सप्टेंबर २०२३

प्रिय एरिक,

फ्रिजवरचं वेळापत्रक काढायला गेले तर पापांनी माझं मनगट धरलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"सीझन संपला, पापा."

"कुठे संपला? सोळा गेम राहिल्यात."

मग त्यांनीच हात सोडला. मी ते मॅग्नेटसकट पर्समध्ये टाकलं आणि गाडी काढली. आता घरी येऊन ते समोर ठेवून तुला लिहितेय. हेरन्सच्या, आपल्या बेसबॉल टीमच्या, या वर्षीच्या घरच्या मैदानावरच्या बावीस गेम. पहिल्या सहांपुढे त्यांनी स्कोअर लिहिला आहे, नेहमीसारखा. जूनच्या मध्यापासून पुढे प्रत्येक गेमपुढे एकच शब्द. पाऊस. सोळा वेळा. अक्षर अजून सुरेख आहे.

मी विचारलं, पापा, हे कुणी सांगितलं? म्हणाले, "एरिकचा फोन येतो ना चार वाजता. पार्कवर पाऊस आहे, काका, गेम रद्द." त्यांना मैदानावर टाकायच्या ताडपत्रीची काळजी लागली आहे. इतक्या पावसात ती फाटली असेल, एरिकला नवी घ्यायला सांग, म्हणाले. आणि राहिलेल्या गेम एका दिवसात दोन-दोन लावून उरका, पण पोरांच्या खांद्यांना जपा.

टीम तू चालवतोस म्हणून तुला विचारते. या उन्हाळ्यात खरंच किती गेम पावसात गेल्या? आणि तू त्यांना असे फोन केलेस का? एकोणीस तारखेला डॉक्टरांकडे नेतेय. ते उदाहरणं विचारतात. "विसरतात" एवढं सांगून त्यांना पुरत नाही.

फोनवरच विचारलं असतं. पण फोनवर आपण इंग्रजीत बोलतो आणि इंग्रजीत आपलं सगळं फाइन असतं. शिवाय हॉस्पिटलात या महिन्यात माझी नाइट आहे, तू जागा असतोस तेव्हा मी झोपलेली. लिहून कळव.

रेबेका


ग्वेल्फ
८ सप्टेंबर २०२३

प्रिय ताई,

पत्र मिळालं. दोन गेम पावसात गेल्या. एक दोन जुलैची, एक ऑगस्टमधली.

फोन मी करतो, अधूनमधून, तब्येत विचारायला. पावसाचं त्यांच्या डोक्यात कुठून आलं ते मला सांगता येणार नाही.

जूनमध्ये गेटवर एकदा थोडं अवघड झालं होतं. तुला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं फार नव्हतं. त्यानंतर त्यांनाच यावंसं वाटत नसावं. लोक रोज विचारतात, आल्फ्रेड कुठे आहे. मी सांगतो, विश्रांती घेताहेत.

ताडपत्री चांगली आहे. त्यांना सांग.

डॉक्टर काय म्हणतात ते कळव. काही लागलं तर मी आहेच.

तुझा,
एरिक


लंडन
३० ऑक्टोबर २०२३

प्रिय एरिक,

काल पापांना इथल्या एका वृद्धाश्रमात आणलं. माझ्या घरापासून गाडीने सहा मिनिटं. स्मृती गेलेल्या लोकांचा वेगळा मजला आहे, दाराला आकडे दाबायचं कुलूप. खोली स्वच्छ आहे. खिडकीतून पार्किंग लॉट दिसतो. ते बराच वेळ तिथे उभे होते. मग म्हणाले, "इथे पाऊस कमी असतो वाटतं."

डॉक्टरांना मी वेळापत्रक दाखवलं होतं. नावं विसरणं, किल्ल्या हरवणं, हे ते ऐकून घेत होते. वेळापत्रक पाहिल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. विचारलं, यातल्या किती दिवशी खरंच पाऊस होता? मी म्हटलं, दोन. ते म्हणाले, म्हणजे हा माणूस घरात एकटा बसून हवामान आणि फोन दोन्ही तयार करतोय. उद्या गॅस चालू ठेवून म्हणेल बंद आहे. एकट्याला ठेवू नका.

मी दोन वर्षं हा निर्णय टाळत होते. मम्मी जाताना मला म्हणाली होती, त्याला त्याच्या घरातून काढू नकोस. तू दोनचा आकडा स्पष्ट सांगितलास म्हणून मन घट्ट करता आलं. तुझे आभार मानायला हे पत्र.

घराच्या किल्ल्या शेजारी ठेवल्या आहेत. बेसमेंटमध्ये उन्हाळ्यात उतरणाऱ्या खेळाडूंचे चार पलंग अजून तसेच आहेत. त्यांचं काय करायचं ते तू बघ.

रेबेका


लंडन
१० मार्च २०२५

प्रिय एरिक,

पापांना पुरून झालं, जेवण झालं, लोक गेले. आता पंधरा दिवसांनी घर शांत आहे आणि मला कुणाशी तरी मराठीत बोलायचं आहे.

तू दफनाच्या वेळी मागे का उभा होतास? मी तुला पुढे बोलावत होते. तुझ्या बाजूला हात केला, तू बुटांकडे बघत होतास. तू त्यांचा पुतण्या, पण बाविसाव्या वर्षी वसईहून येऊन त्यांच्या बेसमेंटमध्ये उतरलास तेव्हापासून ते तुला मुलगाच म्हणायचे. मला मात्र "लंडनची" म्हणायचे.

ग्वेल्फच्या पेपरात आलेलं कात्रण सोबत पाठवते. "समाजावर आणि कुटुंबावर प्रेम करणारा टीममालक." खरं आहे. पण त्यांच्या कुटुंबात दर उन्हाळ्याला पंचवीस पोरं जास्त असायची, हे पेपरवाल्याला कुठून माहीत असणार? माझ्या लग्नाच्या जेवणातून ते तासभर उठून गेले होते. एका पिचरला टीममधून काढून घरी परत पाठवत होते आणि तो बसस्टॉपवर एकटा रडेल म्हणून. परत आले तेव्हा केक कापून झाला होता. मम्मी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच त्या पिचरच्या आईला पत्र लिहिलं.

आता मुद्दा. टीमच्या बोर्डाचा मला फोन आला होता. २४ मेच्या शनिवारी, पहिल्या घरच्या गेमआधी, पापांची आठवण म्हणून दहा मिनिटं ठेवायची आहेत. कुणी बोलायचं ते घरच्यांनी ठरवावं, म्हणाले. मी तुझं नाव दिलं आहे.

रेबेका


ग्वेल्फ
१९ मार्च २०२५

प्रिय ताई,

माझं नाव काढून टाकायला सांग.

पहिल्या गेमच्या दिवशी मला शंभर कामं असतात. मी बोलायला बरा नाही. जुन्या खेळाडूंपैकी कुणी येईल. फादर बोलतील. तू स्वतः बोललीस तर सगळ्यात चांगलं.

दफनाच्या वेळी मागे उभा होतो कारण पुढे गर्दी होती.

एरिक


लंडन
२ एप्रिल २०२५

एरिक,

पुढे गर्दी नव्हती. पुढे मी आणि फादर होतो.

तुला भीती कशाची वाटते? कामाची सबब मला देऊ नकोस, मी तीस वर्षं हॉस्पिटलात सबबी ऐकते आहे. पापांबद्दल पाच मिनिटं बोलायला काय लागतं? शहरातला कारखाना बंद पडला त्या उन्हाळ्यात तू गेटवर त्यांच्या शेजारी होतास. नोकरी गेलेल्यांच्या घरच्यांना तिकीट नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. तू विचारलंस, कुणाची गेली हे ओळखायचं कसं? ते म्हणाले, ओळखायचं नाही. जो म्हणेल माझी गेली, त्याची गेली. तू मला ही गोष्ट स्वतः सांगितली होतीस आणि सांगताना हसत होतास, की त्या वर्षी गावातले डेंटिस्टसुद्धा बेकार म्हणून आत आले. ही गोष्ट सांग. मम्मी खेळाडूंना तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण वाढायची आणि ओहायोचा तो उंच मुलगा कोलंबी सालासकट खायचा, ते सांग.

तू नाही म्हणत असशील तर मी बोलेन. माझं काय सांगायचं ते ठरलंय. मी ते वेळापत्रक घेऊन जाणार आहे. अजून माझ्याकडे आहे. लोकांना दाखवणार आहे की शेवटच्या सीझनला माझ्या वडिलांचं डोकं गेलं होतं, त्यांना रोज पाऊस दिसायचा, लख्ख उन्हात पाऊस दिसायचा, पण तरीही ते म्हणत होते की सोळा गेम राहिल्यात आणि मी थांबलोय. मला वाटतं त्यांच्याबद्दल यापेक्षा खरं काही नाही. लिहितानाच मला रडू येतंय, तिथे काय होईल माहीत नाही.

म्हणून म्हणते, तू बोल.

रेबेका


ग्वेल्फ
११ एप्रिल २०२५

ताई,

ते वेळापत्रक लोकांना दाखवू नकोस.

पाऊस मी सांगितला होता.

हे वाक्य लिहून मी दोन दिवस थांबलो. आता पुढचं लिहितो. सलग लिहितो, मध्ये थांबलो तर पत्र पाठवणार नाही.

१० जून २०२३, शनिवार. काका गेटवर उभे होते, नेहमीसारखे, टोपी आणि फिकट पँट. त्या दिवशी मी बाहेरचे काही पाहुणे बोलावले होते, टीमवर त्यांच्या कंपनीचं नाव यावं म्हणून. पूर्वी दर गेमला नवऱ्याबरोबर यायच्या त्या मिसेस डनबार आल्या. काकांनी विचारलं, बिल कुठे आहे? बिल वारला, त्या म्हणाल्या. काकांनी त्यांचे हात धरले, सांत्वन केलं. दहा मिनिटांनी त्या कॉफी घेऊन परत आल्या. बिल कुठे आहे? मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा त्या बाकावर बसल्या आणि उठेनात. बिलच्या शवपेटीला काकांनी स्वतः खांदा दिला होता.

तेवढ्यात काकांची पँट ओली झाली. पाहुणे हातात हॉटडॉग घेऊन बघत होते. एका लहान मुलानं बोट दाखवलं. मी काकांना वॉशरूममध्ये नेलं, ग्राउंड्समनची मातीत मळलेली पँट घातली. ते सारखं म्हणत होते, "गेटवर कोण आहे? गेट मोकळं आहे रे." ते मला ओळखत होते, ताई. नाव घेऊन बोलत होते. मला त्यांची दया आली असती तर बरं झालं असतं. मला त्यांची लाज वाटली. ज्या माणसानं मला हातात फावडं देऊन बर्फ काढायला शिकवलं, पहिला कोट दिला, ही टीम दिली, त्याच्यामुळे मला पाहुण्यांसमोर मान खाली घालावीशी वाटली.

पुढची गेम मंगळवारी होती. दर गेमला चार वाजता मी त्यांना आणायला जायचो, त्यांचं लायसन्स गेल्यापासून. गाडीची किल्ली हातात होती. फोन लावला तेव्हा काय सांगायचं ते ठरलं नव्हतं.

"पार्कवर पाऊस आहे, काका. गेम रद्द."

"इथे तर ऊन आहे."

"तिकडे असेल."

"बरं. ताडपत्री टाकलीस ना?"

"टाकली."

"शाब्बास."

इतकं सोपं होतं. इथल्या उन्हाळ्यात गावाच्या एका बाजूला पाऊस आणि दुसरीकडे ऊन, हे तुला माहीत आहे. त्यांनाही माहीत होतं. त्यांनी बेसबॉलमध्ये तीस वर्षं काढली होती, पावसाला कोण खोटं समजणार? दुसऱ्यांदा ठरवून सांगितलं. मग दर वेळी. एकूण चौदा वेळा. ते दर वेळी म्हणायचे, बरं, आणि ताडपत्रीचं विचारायचे.

दोन जुलैला खरा पाऊस आला. त्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. चहा केला, दोघं खिडकीशी बसून पाऊस बघत होतो. त्या दिवशी मला जाता येत होतं म्हणून गेलो.

एकदा त्यांनी तिकीट खिडकीवर फोन केला. तिथे अस्मिता असते. तू तिला भेटली आहेस, नागपूरची, आठवडाभर लॅबमध्ये काम करते आणि गेमच्या दिवशी आमच्याकडे. काका तिच्याशी मराठीत बोलायला खिडकीवर थांबायचे. मी तिला सांगून ठेवलं होतं की डॉक्टरांनी त्यांना गर्दीत आणायला मना केलंय, फोन आला तर पाऊस आहे म्हण. तिने म्हटलं. "हो आल्फ्रेड काका, धो धो पाऊस आहे." माझ्यासमोर म्हटलं. मागे बँड वाजत होता. फोन ठेवून ती म्हणाली, बिचारे. कुठल्याही डॉक्टरनं असं सांगितलेलं नव्हतं.

सप्टेंबरमध्ये तुझं पत्र आलं. तू सरळ विचारलं होतंस. मला वाटलं, आता सीझन संपलाय, आता सांगून काय होणार? डॉक्टरांची तारीख तू लिहिली होतीस. ती मी वाचली होती. वाचलीच नव्हती असं मला आता म्हणता येत नाही.

तुझं आभाराचं पत्र माझ्याकडे आहे. मी ते फेकून देऊ शकलो नाही आणि परत उघडूही शकलो नाही.

त्यांना भेटायला मी लंडनला सोळा महिन्यांत तीनदा आलो. कमी का येतोस असं तू विचारायचीस. मी आलो की ते खिडकीकडे बघायचे आणि मग माझ्याकडे.

मी माफी मागत नाही. मागायची कशी ते कळत नाही.

एरिक


लंडन
५ मे २०२५

एरिक,

पत्र मिळून तीन आठवडे झाले. पहिल्या आठवड्यात मी तीन उत्तरं लिहिली. तिन्ही फाडली. त्यात जे होतं ते तुला कळलंच असेल.

मग मी डॉक्टरांना फोन केला आणि सांगितलं की ते वेळापत्रक खरं होतं. त्या माणसाला फोन येत होते आणि तो फोन करणाऱ्यावर विश्वास ठेवत होता. ते म्हणाले, आजार होताच, आज ना उद्या तुम्हाला त्यांना हलवावं लागलंच असतं. मी विचारलं, कधी? म्हणाले, सांगता येत नाही, कदाचित वर्षभरानं.

वर्षभर, एरिक. त्यांच्या घरात. त्यांच्या खुर्चीत.

आता माझं ऐक. त्या जुलैत एका शनिवारी मी ग्वेल्फला होते. पाच वाजता पोचले. पापा म्हणाले गेम रद्द झाली, एरिकचा फोन होता. मी त्यांचे कपडे धुतले आणि मागच्या अंगणात उन्हात वाळत घातले. चादरी तासाभरात कडक वाळल्या. ते दारात उभे राहून म्हणाले, "चल, बघून येऊ, ताडपत्री नीट टाकलीय का." मी म्हटलं, पापा, पाऊस पडत नाहीये आणि मी दमलेय.

पार्क गाडीने दहा मिनिटांवर आहे. मी नेलं असतं तर गेटमधून आत जाऊन त्यांनी उरलेल्या इनिंग बघितल्या असत्या, आणि मला तुझं सगळं तिथेच कळलं असतं. मी नेलं नाही. मी रात्रपाळी करून आले होते हे खरं. पण मला त्यांच्याबरोबर लोकांत जायचं नव्हतं, हेही खरं. तू जे वॉशरूममध्ये पाहिलंस ते मी त्यांच्या घरी पाहिलं होतं.

हे मी तुला हलकं वाटावं म्हणून लिहीत नाही. तुझं तू घे.

२४ तारखेला तू बोलायचं. मी येणार नाही. त्या उन्हाळ्यात ज्यांनी ज्यांनी तुला आल्फ्रेड कुठे म्हणून विचारलं, ते सगळे तिथे असतील. त्यांना सांग की आल्फ्रेड पाऊस आहे म्हणायचा, कारण त्याला तसं सांगितलं जायचं, आणि सांगणारा तू होतास. बाकी डेंटिस्ट आणि कोलंबी काय सांगायचं ते सांग. पापांचं डोकं जेवढं गेलं होतं तेवढंच लोकांना कळू दे. त्याहून जास्त नाही.

काय झालं ते मला लिही. फोन करू नकोस.

रेबेका


ग्वेल्फ
२५ मे २०२५

ताई,

जे झालं ते लिहितो.

साधारण आठशे लोक होते. थंडी होती, ऊन होतं. मिसेस डनबार पहिल्या रांगेत होत्या, गुडघ्यांवर ब्लँकेट घेऊन. ओहायोचा उंच मुलगा आला होता. आता त्याचे केस पांढरे झालेत. मी आधी मराठीत लिहिलं, मग इंग्रजीत केलं. एक पान झालं.

कारखान्याची गोष्ट सांगितली. लोक हसले. डेंटिस्टला हसले. काकी आणि कोलंबीला हसले, ओहायोच्या मुलानं हात वर केला, त्याला टाळ्या पडल्या. मला ते कुठे चाललंय हे कळायला हवं होतं. मी त्यांना हसायला लावत होतो आणि ते आणखी हसायला तयार बसले होते.

मग मी म्हटलं, शेवटच्या उन्हाळ्यात मी त्यांना इथे येऊ दिलं नाही. दर गेमला चार वाजता मी त्यांना फोन करून सांगायचो की पार्कवर पाऊस पडतोय.

ते हसले. आठशे लोक. मागून कुणीतरी ओरडलं, "गुड वन, एरिक!" म्हातारा हट्टी आहे, ऐकत नाही, घरी बसवायला पुतण्यानं युक्ती केली, असं त्यांनी ऐकलं. प्रेमाची गोष्ट म्हणून ऐकलं. काहीजण डोळे पुसत हसत होते.

माझ्या कागदावर अजून चार ओळी होत्या. चौदा वेळा. डॉक्टर. त्यांच्या मुलीला मी काय लिहून कळवलं. मी थांबलो. हसणं संपलं की वाचू, असं मनात होतं. हसणं संपलं आणि टाळ्या सुरू झाल्या. लोक उभे राहिले. मी कागदाची घडी घातली. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. राष्ट्रगीत म्हणणारी मुलगी माइकसाठी हात पुढे करून उभी होती. मी तिला माइक दिला.

मिसेस डनबार हसल्या की नाही ते मी पाहिलं नाही. मी तिकडे बघितलंच नाही.

गेम सुरू झाली. नऊ इनिंगमध्ये मला माइक परत मागता आला असता. तो माझ्या ऑफिसपासून वीस पावलांवर असतो. मी मागितला नाही. आम्ही जिंकलो. रात्री सगळ्यांनी सांगितलं, छान बोललास.

तू सांगितलेलं काम मी केलेलं नाही. वाक्य उच्चारलं, काम केलं नाही. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी लिहितोय.

आज सकाळी नऊ वाजता, रविवारच्या गेमआधी, मी आमच्या लोकांना ऑफिसमध्ये बोलावलं. ग्राउंड्समन, घोषणा करणारा शंतनु, हॉटडॉगवाल्या दोघी आणि अस्मिता. मी सांगितलं, कालचं मी पुरतं बोललो नाही, कृपा करून हसू नका. मग त्या चार ओळी वाचल्या. कुणी हसलं नाही. शंतनु काहीतरी बोलायला गेला, मग त्यानं कॉफीचा कप उचलला.

अस्मितानं विचारलं, "म्हणजे डॉक्टरांनी सांगितलंच नव्हतं?"

"नाही."

"एरिकदादा, मी त्यांना मराठीत सांगितलं होतं. त्यांना माझा आवाज ओळखू यायचा."

मी हो म्हटलं.

तिनं खिडकीची किल्ली रिंगमधून काढली. रिंग घट्ट होती, वेळ लागला, कुणी मदत केली नाही. किल्ली टेबलावर ठेवून ती गेली. चार वाजता तिच्या जागी तिकिटं द्यायला मी बसलो. पाच वाजता गेम सुरू झाली.

एरिक